कानाखालच्या पॅरोटिड लाळग्रंथीच्या गाठीत सुई: काचेवर काय उतरवायचं आणि रिपोर्टात किती लिहायचं

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीच्या एका तरुण पॅथॉलॉजिस्टचा आहे. थोडक्यात असा: लाळग्रंथींच्या गाठींची एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणं) करताना बऱ्याचदा नुसतं रक्त येतं, पावसाळ्यात जिएम्सा रंगाच्या काचा वाचण्याजोग्या राहत नाहीत, आणि जे हाती लागतं त्यावर सर्जन म्हणतात, "साधी की कॅन्सरची, एवढंच सांगा." तिन्ही तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून उत्तर लांबलं आहे.

आधी शेवटची तक्रार घेऊ. सर्जन विचारतात "साधी की कॅन्सरची", पण त्यांना ठरवायचं असतं ते वेगळंच. क्षयाची गाठ किंवा लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कर्करोग) असेल तर मोठं ऑपरेशन करायचंच नाही, औषधं द्यायची. सत्तरीतल्या सिगारेट ओढणाऱ्या माणसाची वॉर्थिन ट्यूमर (एक सौम्य गाठ) असेल तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा (हीही सौम्यच) असेल तर फेशियल नर्व्ह, म्हणजे चेहरा हलवणारी नस, सांभाळून, भोवतीच्या निरोगी ग्रंथीचा थर घेऊन काढायची. ही गाठ नुसती सोलून काढली तर मागे राहिलेल्या कणांतून वर्षांनी पुन्हा उगवते, आणि तेव्हा एक नव्हे, अनेक गाठी येतात. हाय ग्रेड (आक्रमक) कर्करोग असेल तर अख्खी पॅरोटिड, मानेतले लिम्फ नोड, वेळ पडली तर नर्व्हही, आणि वर रेडिएशन. यातली वाट दाखवली की एफएनएसीचं काम झालं. नेमकं नाव देता आलं तर उत्तमच, पण लाळग्रंथींत ट्यूमरचे प्रकार इतके आहेत आणि त्यांतले कितीतरी सुईच्या नमुन्यात इतके सारखे दिसतात, की बहुतेक मोठ्या चुका नावाच्या हट्टापायीच होतात. एकत्रित अभ्यासांत घातक गाठ ओळखण्याची संवेदनशीलता (घातक गाठींपैकी किती पकडल्या) ८० टक्क्यांच्या आसपास आणि विशिष्टता (घातक नसलेल्यांपैकी किती तशाच ठरल्या) ९७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे "घातक" लिहिलेलं सहसा खरं ठरतं. "सौम्य" लिहिताना हात जरा आवरता घ्यावा.

सुई उचलण्याआधी गाठ स्वतःच्या बोटांनी चाचपा. दुसऱ्याने पेनाने खूण केलेल्या जागी सुई घालणं हे काचा वाया जाण्याचं पहिलं कारण. कानाखालची प्रत्येक गाठ पॅरोटिडची नसते. कानापुढचा लिम्फ नोड, त्वचेतला एपिडर्मॉइड सिस्ट, चरबीची गाठ, वाढलेला मॅसेटर (चावण्याचा) स्नायू, जबड्याच्या हाडातली सूज, आणि किरकोळ अंगाच्या माणसात जबड्याच्या कोनामागे बोटाला लागणारा पहिल्या मणक्याचा आडवा उंचवटा, हे सगळे चिठ्ठीवर "पॅरोटिड स्वेलिंग" होऊन येतात. रुग्णाला दात घट्ट आवळायला सांगा, मॅसेटर लगेच कळतो. तोंड उघडायला लावून टॉन्सिल बघा. एका बाजूचा टॉन्सिल आत ढकलला गेला असेल तर गाठ पॅरोटिडच्या खोल भागातली आहे आणि बाहेरून अंदाजाने सुई घालण्यात अर्थ नाही, आधी इमेजिंग हवं. जबड्याखालची गाठ दोन हातांनी तपासायची: हातमोज्यातलं एक बोट जिभेखाली, दुसरा हात बाहेरून. सबमँडिब्युलर ग्रंथी दोन बोटांमध्ये सापडते. शेजारचा लिम्फ नोड बहुधा बाहेरच्या बोटालाच लागतो. त्याच वेळी नळीत खडा जाणवतो का तेही बघून घ्या, कारण लाळेचे खडे बहुतांशी याच ग्रंथीत होतात. गाठीला ठोके असतील तर सुई ट्रेमध्येच राहू द्या.

विचारायचं फार नसतं, पण न विचारता काच वाचू नये. जेवताना फुगून दुखते का? दुखते कायम का? चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली आहे का? डोळे आणि तोंड कोरडे पडतात का? पूर्वी इथे ऑपरेशन झालं होतं का? टाळूच्या, कानाच्या, डोक्याच्या कातडीवरून किंवा तोंडातून काही काढलं होतं का? पॅरोटिडच्या पोटातच लिम्फ नोड असतात, त्यामुळे डोक्याच्या कातडीचा कर्करोग तिथे येऊन बसतो. सबमँडिब्युलर ग्रंथीच्या आत नोड नसतात, शेजारी असतात. जागेचा हिशोबही ध्यानात असू द्या: पॅरोटिडमधले ८० टक्के ट्यूमर सौम्य, सबमँडिब्युलरमधले जवळजवळ निम्मे घातक, आणि जिभेखालच्या सबलिंग्वलमध्ये घातकच जास्त.

आता रक्ताचा प्रश्न. रक्त येतं ते बहुतेक वेळा आपण आणतो म्हणून. पॅरोटिडमधून रेट्रोमँडिब्युलर ही मोठी शीर जाते आणि ग्रंथीला रक्तपुरवठाही भरपूर असतो. २१-२२ गेजची जाड सुई (गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक) जास्त पेशी आणेल हा समज इथे उलटा पडतो. २५ गेजची, २५ मिलिमीटर लांबीची सुई पहिली घ्या. गाठ घट्ट आणि तंतुमय लागली तर २३. पहिली फेरी सक्शनशिवाय करा: नुसती सुई, किंवा दट्ट्या काढलेल्या सिरिंजला लावलेली सुई, पेनासारखी बोटांत धरून. सुईच्या बारीक पोकळीत पेशी आपोआप चढतात, आणि गाठीचा पोत बोटाला कळतो. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमात सुई रबरात गेल्यासारखी अडकते, वॉर्थिनमध्ये सैल जाते, सिस्टमध्ये एकदम मोकळी होते. सिरिंज आणि हँडल लावलं की हा स्पर्श हरवतो.

रुग्णाला उताणं झोपवा, खांद्याखाली छोटी उशी, मान दुसऱ्या बाजूला वळवलेली. सुई आत असताना गिळू नका, बोलू नका, हे आधीच सांगून ठेवा. स्पिरिटने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. ओलं स्पिरिट सुईबरोबर आत गेलं की जळजळतं आणि पेशीही बिघडतात. भुलीचं इंजेक्शन लागत नाही, उलट त्याने छोटी गाठ बोटाखालून हरवते. गाठ दोन बोटांत पक्की धरून सुई आत घाला आणि पाच-सात सेकंदांत दहा-पंधरा वेळा झपाट्याने मागे-पुढे करा. हालचाल गाठीच्या आतच राहिली पाहिजे, आणि दर वेळी दिशा किंचित बदलली पाहिजे. नजर सुईच्या हबवर (सिरिंजला जोडायच्या मागच्या टोकावर). हबमध्ये लाल ठिपका दिसला की त्याच क्षणी थांबून सुई बाहेर. "अजून दोन फेऱ्या मारू" हा मोह इथेच नडतो. त्या दोन फेऱ्यांत पेशी रक्तात बुडतात आणि गुठळी होते. पहिल्यात पेशी कमी आल्या तर दुसरी सुई गाठीच्या दुसऱ्या भागात, गरज पडली तर तिसरी. तीनच्या पुढे जाऊन फारसं पदरात पडत नाही.

सक्शन लागतंच तेव्हा १० मिलिलिटरची सिरिंज, दोन-तीन मिलिलिटरपर्यंत ओढ, आणि बाहेर येण्याआधी दट्ट्या सोडून दाब शून्यावर. हे विसरलं की सगळा नमुना सिरिंजच्या भिंतीवर उडतो आणि काचेवर काही उरत नाही.

एवढं करूनही रक्तच आलं तर ते फेकू नका. काच किंचित तिरपी धरा, रक्त खाली वाहू द्या, पांढुरके कण वर थांबतात. ते दुसऱ्या काचेच्या कडेने उचलून वेगळे पसरा. गुठळी झालीच असेल तर ती अख्खी १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये टाकून सेल ब्लॉक (मेणात बसवून कापायचा ठोकळा) करा. गुठळीच्या पोटात ट्यूमरचा तुकडा सापडणं नवलाचं नाही. आणि तान्ह्या बाळाच्या पॅरोटिडमध्ये मऊ, रडल्यावर फुगणारी गाठ असेल तर आधी सोनोग्राफी. हेमँजिओमात (रक्तवाहिन्यांच्या गाठीत) सुई घालून रक्ताशिवाय काही मिळणार नाही.

सिस्ट लागला तर सगळा द्रव काढा, मग पुन्हा चाचपा. उरलेल्या घट्ट भागात नवी सुई घातलीच पाहिजे, निदान बहुधा तिथेच असतं. द्रव सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून गाळाचे स्मिअर (काचेवर पसरलेले पातळ थर) करा, उरलेलं सेल ब्लॉकला. द्रवाचा रंग आणि चिकटपणा रिपोर्टात लिहा.

सुई काढल्यावर गॉझने पाच मिनिटं दाब. रुग्ण वॉरफॅरिनवर असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) बघून घ्या आणि दाब जास्त वेळ ठेवा; साध्या अ‍ॅस्पिरिनसाठी तपासणी पुढे ढकलायची गरज नाही. अचानक लाल, तापलेली, स्पर्शही न सोसणारी पॅरोटिड असेल तर आधी संसर्गाचा उपचार. पू भरलाय असं वाटलं तरच सुई, आणि मग पू कल्चरलाही पाठवायचा.

सुईचं टोक काचेला टेकवूनच नमुना सोडा. लांबून फवारला तर थेंब हवेतच सुकतात. दुसरी काच वरून आडवी ठेवून तिच्या स्वतःच्या वजनाने ओढा. लाळग्रंथीत मात्र एक अपवाद आहे: प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमाचा नमुना चिकट आणि चकचकीत असतो, तो हलक्या हाताने पसरत नाही. त्याला थोडा दाब द्यावा लागतो, नाहीतर जाड ढेकळं राहतात आणि आतल्या पेशी दिसत नाहीत. हा चकचकीतपणा डोळ्यांनीच दिसला की निदानाची अर्धी खात्री झाली म्हणायला हरकत नाही. (अर्धीच.)

अर्ध्या काचा ९५ टक्के इथाइल अल्कोहोलमध्ये, स्मिअर ओढल्यापासून दोन-तीन सेकंदांत, पॅपनिकोलाउ (पॅप) स्टेनसाठी. अल्कोहोलची बरणी टेबलावर उघडी तयार हवी. झाकण शोधण्यात गेलेले दहा सेकंद केंद्रक फुगवायला पुरतात. उरलेल्या काचा हवेत सुकवून जिएम्सासाठी. लाळग्रंथीत जिएम्साशिवाय चालत नाही, कारण गाठीतला मॅट्रिक्स (पेशींमधला पदार्थ) पॅपमध्ये फिकट, पारदर्शक दिसतो आणि सहज निसटतो. जिएम्सात तोच भडक किरमिजी उठून दिसतो.

पावसाळ्यात बिघडतं ते इथेच. "हवेत सुकवलेली" काच म्हणजे काही सेकंदांत सुकलेली काच. जुलैच्या दमट हवेत टेबलावर ठेवलेला स्मिअर मिनिटभर ओला राहतो, तेवढ्यात पेशी आकसतात, केंद्रकांच्या कडा धुरकट होतात, आणि मग सौम्य पेशीही संशयास्पद दिसू लागतात. उपाय साधे आहेत. स्मिअर पातळ ओढा. हेअर ड्रायर गार हवेवर ठेवून फूटभर अंतरावरून सुकवा. गरम हवा नको, पेशी भाजतात. वीज गेली असेल तर पुठ्ठ्याने वारा घाला. दुसरा दोष मेथॅनॉलमधला: मेथॅनॉल हवेतली ओल शोषतं, आणि ओलावलेल्या मेथॅनॉलमध्ये बुडवलेल्या काचेवर लाल पेशींत चमकणारे बुडबुडे दिसतात. बाटली घट्ट बंद ठेवा, कोप्लिन जारमधलं (काचा बुडवायच्या भांड्यातलं) मेथॅनॉल पावसाळ्यात रोज बदला. बफर ६.८ पीएचचा, जिएम्सा त्यात एकास दहा, आणि मिश्रण ताजं. कालचं मिश्रण आज वापरलं की काचेवर जांभळा गाळ बसतो.

तिसरा दोष लॅबच्या बाहेर घडतो. न रंगवलेल्या सुक्या काचा बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवताना त्याच डब्यात बायोप्सीची फॉर्मेलिनची बाटली ठेवली जाते. झाकण घट्ट असलं तरी वाफ सुटते आणि जिएम्सा निळा-हिरवा, मेलेला येतो. काचा वेगळ्या डब्यात, फॉर्मेलिन वेगळं. शक्य असेल तर काचा आधी मेथॅनॉलमध्ये फिक्स करूनच पाठवा. चौथा सोनोग्राफीच्या जेलचा: सुई जेलमधून गेली तर काचेवर जांभळट-किरमिजी दाणेदार पदार्थ पसरतो. तो पेशी झाकतो आणि नवख्या डोळ्याला मॅट्रिक्स वाटतो. सुई घालण्याआधी त्या जागेवरचं जेल पुसायला रेडिओलॉजिस्टना सांगा.

एक काच तिथेच रंगवून बघायची सवय लावा. टोल्युडिन ब्लूचा एक थेंब, कव्हरस्लिप, दोन मिनिटं. काणकोणहून किंवा सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून दोन बस बदलून आलेल्या माणसाला "नमुना अपुरा, पुन्हा या" असं आठवड्याने कळवण्यापेक्षा तो टेबलावर असतानाच दुसरी सुई घालणं केव्हाही बरं.

काच वाचताना क्रम असा ठेवा: आधी मॅट्रिक्स, मग पेशी, मग पार्श्वभूमी. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमाचा मॅट्रिक्स तंतुमय असतो, कडा विरलेल्या, आणि पेशी त्याच्या आत शिरलेल्या, रुतलेल्या दिसतात. सुट्या मायोएपिथेलियल पेशींचं केंद्रक बाजूला सरकलेलं असतं, प्लाझ्मा पेशीसारखं. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमात (हा कर्करोग) मॅट्रिक्स एकसंध गोळ्यांचा, कडा सुरीने कापल्यासारख्या. पेशी त्या गोळ्यांना बाहेरून चिकटतात, आत शिरत नाहीत. पेशी लहान, गडद, जवळजवळ सायटोप्लाझमविना. हा फरक पाठ असावा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको: प्लिओमॉर्फिकमध्येही अधूनमधून गोल हायलाइन (काचेसारखे एकसंध) गोळे दिसतात, आणि अ‍ॅडिनॉइड सिस्टिकचा सॉलिड प्रकार गोळ्यांशिवायच येतो. एका काचेवर दोन-चार गोळे आणि बाकी सगळीकडे तंतुमय मॅट्रिक्स असेल तर ती प्लिओमॉर्फिकच. सगळीकडे गोळे, तंतू कुठेच नाहीत, रुग्णाला दुखतंय किंवा चेहरा वाकडा झालाय, तर घातक. नुसत्या लहान गडद पेशी आणि मॅट्रिक्स नगण्य असेल तर बेसल सेल अ‍ॅडिनोमा, पेशीबहुल प्लिओमॉर्फिक आणि सॉलिड अ‍ॅडिनॉइड सिस्टिक यांत सुईच्या नमुन्यावर निवड करू नये. तिथे "बेसलॉइड निओप्लाझम, घातकतेची क्षमता अनिश्चित" एवढंच लिहायचं; निओप्लाझम म्हणजे ट्यूमर, बेसलॉइड म्हणजे अशा लहान गडद पेशींचा.

वॉर्थिनचा द्रव मळकट तपकिरी, गॅरेजमधल्या जुन्या ऑइलसारखा. काचेवर दाणेदार गाळ, भरपूर लिम्फोसाइट आणि ऑन्कोसाइटचे (दाणेदार सायटोप्लाझमच्या मोठ्या पेशींचे) सपाट, नीट मांडलेले पापुद्रे. तिन्ही एकत्र दिसले तर शंका नको. पॅरोटिडचा खालचा भाग, साठी ओलांडलेला धूम्रपान करणारा माणूस, कधी दोन्ही बाजूंना गाठी, असं चित्र जुळतंच. खड्डा वेगळ्या ठिकाणी आहे: वॉर्थिनमध्ये स्क्वेमस (त्वचेसारख्या सपाट पेशींचा) बदल होतो, विशेषतः आधी एकदा सुई जाऊन गाठीचा भाग मेला असेल तर, आणि त्या केशरी, आकसलेल्या पेशी पॅपमध्ये स्क्वेमस कर्करोगासारख्या दिसतात. मागे दाणेदार गाळ आणि ऑन्कोसाइट आहेत का हे न पाहता कर्करोग लिहू नये. एफएनएसीच्या तारखेची नोंद हिस्टोपॅथॉलॉजी करणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे, त्यालाही हाच गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त निसटतो तो लो ग्रेड म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा. तिशीतली व्यक्ती, सिस्ट, पाणचट-चिकट द्रव, काचेवर म्युसिन (चिकट स्राव), थोडे मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी), पेशी जवळजवळ नाहीत. "सौम्य सिस्ट" लिहायचा मोह होतो. लिहू नका. म्युसिन आहे आणि एपिथेलियम (अस्तराच्या पेशी) नाही, तर श्रेणी "अनिश्चित महत्त्वाची विकृती", म्हणजे एयूएस. गाठ पुन्हा चाचपून घट्ट भागातून दुसरी सुई घ्या. म्युकस पेशी, मधल्या प्रकारच्या इंटरमीडिएट पेशी आणि स्क्वेमॉइड पेशी तिन्ही एका काचेवर दिसल्या तरच नाव. मुलांमध्येही लाळग्रंथीचा घातक ट्यूमर असेल तर बहुधा हाच, हे विसरू नये.

अ‍ॅसिनिक सेल कार्सिनोमा उलट्या मार्गाने फसवतो: काच पेशींनी भरलेली आणि पेशी अगदी नेहमीच्या ग्रंथीसारख्या. "छान, ग्रंथीच आली" असं वाटलं की थांबा. निरोगी ग्रंथीत अ‍ॅसिनसचे (लाळ तयार करणाऱ्या पेशींच्या झुबक्यांचे) नीट घोस, मध्ये चरबी आणि नलिका असतात. इथे घोस विस्कळीत, चरबी नाही, नलिका नाहीत, आणि मागे उघडी केंद्रकं पसरलेली. २०१० साली वेगळा ओळखला गेलेला सिक्रिटरी कार्सिनोमा याच्याच शेजारचा, फेसाळ सायटोप्लाझमचा. त्याची खात्री ईटीव्ही६ जनुकाच्या तपासणीने, सेल ब्लॉक असेल तर उत्तम.

खरीखुरी निरोगी ग्रंथी आली तर अर्थ गाठीवर ठरतो. बोटाला स्पष्ट वेगळी गाठ लागते आणि काचेवर नुसते निरोगी अ‍ॅसिनस, तर सुई शेजारी गेली. हा नमुना अपुरा आहे, "सौम्य" नव्हे. दोन्ही पॅरोटिड सारख्याच, मऊ, न दुखता सुजलेल्या आणि मोठे फुगीर अ‍ॅसिनस, तर सायलॅडिनोसिस. मधुमेह आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं, आणि आपल्याकडे दोन्ही विचारल्याशिवाय सांगितली जात नाहीत.

सबमँडिब्युलरच्या जुन्या सुजेत पेशी कमी येतात: थोड्या नलिका, तंतू, लिम्फोसाइट, कधी खड्याचे तुकडे. आकसलेल्या नलिकांच्या गडद पेशी बेसलॉइड ट्यूमरसारख्या दिसतात. अ‍ॅसिनस नाहीसे झालेत आणि पेशीही मोजक्याच आहेत, तर ट्यूमर म्हणण्याआधी सोनोग्राफी मागवा.

लिम्फोसाइटच जास्त असतील तर चार शक्यता: ग्रंथीतला लिम्फ नोड, क्षय, शोग्रेन (शरीराची प्रतिकारशक्ती ग्रंथींवरच उलटणं) किंवा तत्सम आजार, लिम्फोमा. पू-चीजसारखा नमुना आला की काचांबरोबर एक झेडएन (क्षयाच्या जंतूंचा) स्टेन आणि उरलेला नमुना सलाइनमध्ये सीबीनॅटला (क्षयाच्या जनुकीय चाचणीला) पाठवा. तो फॉर्मेलिनमध्ये घातला तर कल्चरची वाट बंद होते. दोन्ही पॅरोटिडमध्ये सिस्ट आणि लिम्फोसाइट दिसले तर एचआयव्ही तपासणी संमतीने सुचवावी. शोग्रेनच्या रुग्णाची एक बाजू अचानक वाढली तर एमएएलटी लिम्फोमा डोक्यात ठेवून एक फेरी आरपीएमआय द्रवात (पेशी जिवंत ठेवणाऱ्या), फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीसाठी); तिथे ट्रू-कट बायोप्सी (जाड सुईने तुकडा घेणं) लवकर सुचवणं चांगलं.

जुनी, वर्षानुवर्षांची गाठ गेल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढली असेल तर एका सुईवर भागवू नका. प्लिओमॉर्फिकमध्ये कर्करोग उगवतो तो एका कोपऱ्यात. तीन वेगवेगळ्या जागांहून घ्या, विशेषतः जिथे घट्ट किंवा चिकटलेलं लागतं तिथून.

तोंडातल्या टाळूवरची गाठ पाहायला सोपी. १० टक्के लिग्नोकेन स्प्रे, २५ गेज, दोन फेऱ्या. आधी बोटाने दाबा; मधोमध हाडासारखी टणक असेल तर ती टोरस (हाडाचाच उंचवटा) आहे, सुईला तिथे काम नाही.

रिपोर्टासाठी मिलान पद्धत वापरा. २०१५ मध्ये मिलानच्या युरोपीय सायटॉलॉजी परिषदेत तिची सुरुवात झाली, पुस्तक २०१८ मध्ये आलं, दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये. श्रेणी आणि त्यांतला घातकतेचा धोका, दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे: अपुरा नमुना १५ टक्के, निओप्लाझम नसलेला ११, एयूएस ३०, सौम्य निओप्लाझम ३ हून कमी, अनिश्चित क्षमतेचा निओप्लाझम म्हणजे सम्प ३५, घातकतेचा संशय ८३, घातक ९८ हून जास्त. अपुऱ्या नमुन्यातही धोका १५ टक्के आहे, हे सर्जनना मुद्दाम दाखवा. "काही आलं नाही" म्हणजे "काही नाही" असा अर्थ ते काढतात. एयूएस ही अडगळीची खोली होऊ देऊ नका, एकूण रिपोर्टांत तिचा वाटा १० टक्क्यांच्या आत ठेवावा असं ही पद्धतच सांगते. एयूएस म्हणजे ट्यूमर आहे की नाही हेच ठरत नाही. सम्प म्हणजे ट्यूमर नक्की आहे, जात ठरत नाही. दुसऱ्यात सर्जन ऑपरेशन करतात आणि फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून तपासणं) मागतात, पहिल्यात सुई पुन्हा जाते किंवा इमेजिंग होतं. हे दोन मिसळले की रुग्ण चुकीच्या रांगेत जातो.

रिपोर्टात श्रेणीखाली एक ओळ सर्जनच्या भाषेत लिहा. उदाहरणार्थ: "सम्प, बेसलॉइड, तंतुमय मॅट्रिक्स नाही, अ‍ॅडिनॉइड सिस्टिक वगळता येत नाही, एमआरआय आणि फ्रोझनचा विचार व्हावा." किंवा "घातक, हाय ग्रेड. प्रकार सेल ब्लॉकवर कळवू." ग्रेड सांगता येत असेल तर नावापेक्षा तीच जास्त कामाची, मानेचे नोड काढायचे की नाही ते तिच्यावर ठरतं.

रुग्ण मात्र वेगळंच विचारतो: "सुई मारल्यार कॅन्सर पसरता काय?" त्याला स्पष्ट सांगा की २३-२५ गेजच्या सुईने गाठ पसरल्याची उदाहरणं अत्यंत दुर्मिळ आहेत, आणि न तपासता चुकीचं ऑपरेशन होण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. दोन दिवस जागा दुखेल, निळसर होईल. जेवण-खाण लगेच चालतं.

पॅरोटिडची गाठ कापून तुकडा घेण्याची, म्हणजे इन्सिजन बायोप्सीची, मागणी आली तर नकार द्या. त्यात फेशियल नर्व्ह धोक्यात येते आणि प्लिओमॉर्फिकची कवची फुटून पेशी जखमेत सांडतात. एफएनएसी अपुरी आली तर दोन-तीन आठवड्यांनी, पहिल्या सुईची सूज उतरल्यावर, सोनोग्राफीखाली पुन्हा. तीही अपुरी आली किंवा लिम्फोमाचा संशय असेल तर सोनोग्राफीखालीच १८ गेजची कोअर बायोप्सी, आणि तिच्याबरोबर आधीच्या एफएनएसीच्या काचा आणि रिपोर्टही पाठवा.